पत्ता असलेली भुते : लोककथांतले अद्भुत जीव आणि मुलांच्या गोष्टी

तिठा :

मराठी घरांत वाढणाऱ्या मुलांना आज ड्रॅगन, युनिकॉर्न, जलपरी आणि झाडूवर बसून उडणारी चेटकीण यांची बारीकसारीक माहिती असते. ड्रॅगन आग कशी ओकतो आणि युनिकॉर्नचे शिंग कशाच्या उपयोगाचे, हे ती न अडखळता सांगतात. त्याच मुलांना गिऱ्हा कुठे राहतो, मुंजा कोणत्या झाडावर असतो किंवा विहिरीच्या काठावरचे शेंदूर लावलेले सात दगड कोणाचे, हे विचारले तर ती आपल्याच तोंडाकडे पाहत राहतात. परदेशी गोष्टी वाचू नयेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या मीही आवडीने वाचतो. मला पडलेला प्रश्न आपल्या बाजूचा आहे. मराठीत मुलांसाठी गोष्टींची पुस्तके निघू लागली, तेव्हा लोकांच्या तोंडी असलेल्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यातून आत प्रवेश मिळाला तो मुख्यतः राक्षसाला आणि पुढे परीला व चेटकिणीला. बाकीचे सगळे दाराबाहेर का राहिले?

माझा तर्क असा आहे की आपल्याकडच्या या जिवांना पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, आसरा म्हणजे पाण्यातल्या सात जणी पाण्याच्या काठी, चकवा आडरानात, देवचार गावाच्या शिवेवर, वेताळ स्मशानात आणि अमावास्येच्या रात्री गावाबाहेरच्या माळावर. प्रत्येकाची वेळ ठरलेली असते, त्याचा राग कशामुळे ओढवतो हे ठरलेले असते आणि त्यातून सुटण्याची रीतही ठरलेली असते. भर दुपारी बारा वाजता मुलांनी एकट्याने विहिरीवर जायचे नाही हा नियम आणि आसरांची गोष्ट एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. ती विहीर ज्याने पाहिली नाही त्याला गोष्ट अर्धीच कळते. छापील पुस्तक मात्र पुण्यात, कोल्हापुरात आणि नागपुरात एकाच वेळी वाचले जाते, म्हणून पुस्तक काढणाऱ्याला असा जीव लागतो ज्याला कोणतेही आटपाट नगर चालते. राक्षस त्यात नेमका बसतो. त्याचे जंगल नुसतेच घनदाट असते, ते कोणत्या तालुक्यात आहे हे कोणी विचारत नाही.

चिंची चेटकीण हे या बदलाचे सर्वांत लाडके उदाहरण म्हणावे लागेल. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली ती चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगवली, पुढे २०१८ मध्ये नाटक नव्याने आले तेव्हा वैभव मांगले यांनी ती केली आणि मुलांच्या दोन-तीन पिढ्या तिला पाहून एकाच वेळी घाबरल्या आणि हसल्या. ती उत्तमच आहे. परंतु तिचे कूळ हडळीचे नाही, हे तिच्याकडे पाहताक्षणी कळते.

या धाग्यावर आपापल्या भागातल्या जिवांबद्दल लिहावे, अशी विनंती आहे. तो जीव कुठे राहतो, कसा वागतो आणि त्याच्याशी कसे वागायचे असते, एवढे तरी यावे. 'माझ्या मामाला प्रत्यक्ष दिसले होते' या प्रकारचे अनुभव कृपया लिहू नयेत, त्यांच्यासाठी अमावास्येचा दुसरा धागा पुष्कळ वर्षे वाहतो आहे.

खाडीकाठ :

मालवण-वेंगुर्ले पट्ट्यातल्या दोघांबद्दल लिहिते.

गिऱ्हा हे बुडून मेलेल्या माणसाचे भूत असते, असे आमच्याकडे सांगतात. रात्री खाडी ओलांडणाऱ्याला तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, पाणी घोट्याएवढेच आहे असे भासवतो आणि पुढच्या काही पावलांत माणसाला गळ्यापर्यंत नेतो. ज्यांनी खाडीचा उतार पायी ओलांडला आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. वाळूचा तळ भरती-ओहोटीबरोबर सरकत असतो, काल जिथे उतार होता तिथे आज खोल असू शकते आणि अंधारात ते पायालाच कळते, तेही उशिरा. गिऱ्ह्याची गोष्ट ऐकून मोठी झालेली मुले ओहोटीची वेळ विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालत नसत.

मात्र ही गोष्ट भीतीपाशी संपत नाही आणि मुलांना आवडतो तो भाग पुढेच आहे. एखाद्या धाडशी माणसाने गिऱ्ह्याची शेंडी कापून आणली, तर गिऱ्हा त्याचा चाकर होतो. तो रात्री मासळी आणून अंगणात टाकतो, लाकडे फोडतो, सांगाल ते काम करतो; अट एवढीच की त्याला काम कमी पडू द्यायचे नाही आणि शेंडी त्याच्या हाती लागू द्यायची नाही. मग एके दिवशी घरातले कोणीतरी साफसफाई करताना ती शेंडी बाहेर काढते आणि गिऱ्हा ती घेऊन चालता होतो. आमच्या आजीच्या सांगण्यात तो जाताना कोणाला मारत नसे, फक्त आदल्या दिवशी आणलेली मासळी परत घेऊन जात असे. हा शेवट मला आजही फार न्याय्य वाटतो.

दुसरा वेताळ. देशावरच्या मुलांना तो प्रेतात शिरलेला, झाडाला उलटा लोंबकळणारा म्हणून माहीत आहे. आमच्याकडे तो गावाचा देव आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करीत फिरतो, त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडायला आलेली माणसे त्याला भल्या मोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात आणि केळीचा घड ठेवतात. गोव्यात त्याला बेताळ म्हणतात. लोलये, पैंगीण, आमोणे, प्रियोळ या गावांत त्याची स्थाने आहेत आणि लोलयेची भव्य दगडी मूर्ती पाहिल्यावर याच्यापुढे राजा विक्रमाने तोंड कसे उघडले असते, असे वाटते. आमच्या गावातल्या मुलाला वेताळाची भीती वाटत नाही. रात्री पावलांचा आवाज आला तर 'वेतोबा चाललाय' म्हणून ते कूस बदलून झोपते.

दगडफूल :

धागा वाचनीय आहे, परंतु एक शंका विचारतो. तुम्ही दोघांनीही भुते सांगितली. भूत म्हणजे मेलेला माणूस. ड्रॅगन किंवा युनिकॉर्न हे प्राणी आहेत; ते कोणी मेल्यामुळे झालेले नाहीत. आपल्याकडे असे कल्पित प्राणी नव्हतेच का? मुलांना भुतांपेक्षा प्राणी केव्हाही जवळचे वाटतात.

गडवाट :

दगडफूल, प्राणी होते आणि आहेत, फक्त ते आजीच्या गोष्टींत न राहता दगडात राहिले. आपण त्यांच्याखालून नेहमी जातो आणि वर पाहत नाही.

सर्वांत ठळक उदाहरण शरभाचे. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजावर पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेला जो सिंहासारखा प्राणी कोरला आहे तो शरभ. शिवनेरीच्या दरवाजावरही शरभ आहे आणि इतर अनेक किल्ल्यांवर तो वेगवेगळ्या मुद्रेत सापडतो. पुराणातला शरभ आठ पायांचा आहे: हिरण्यकशिपूला मारल्यावर नरसिंहाचा क्रोध शांत होईना, तेव्हा शंकराने शरभाचे रूप घेऊन त्याला आवरले, अशी कथा शैव पुराणांत येते. वैष्णवांना हे पटणे शक्य नव्हते, म्हणून त्यांच्या परंपरेत नरसिंहाने शरभावर मात करण्यासाठी गंडभेरुंडाचे, म्हणजे दोन डोक्यांच्या प्रचंड पक्ष्याचे रूप घेतले. हा गंडभेरुंड पुढे म्हैसूरच्या वडियार घराण्याचे चिन्ह झाला आणि आज कर्नाटकाच्या राज्यचिन्हात आहे. 'माझा तुझ्यापेक्षा मोठा' हा खेळ दुसरीतल्या मुलांना शिकवावा लागत नाही; दोन पंथांनी तोच खेळ पुराणांतून खेळला आहे आणि तरीही ही जोडकथा मुलांच्या पुस्तकात मला आढळलेली नाही. गडावरचा वाटाड्या मात्र त्या हत्तींचा हिशेब लावून कोणता हत्ती म्हणजे कोणती राजवट ते छातीठोकपणे सांगतो. तो हिशेब प्रत्येक वाटाड्याचा निराळा असतो.

माझा स्वतःचा आवडता जीव कीर्तिमुख आहे. जलंधर या असुराचा दूत म्हणून राहू शंकराकडे पार्वतीची मागणी करायला गेला, तेव्हा शंकराच्या क्रोधातून एक भुकेला, हडकुळा, सिंहमुखी जीव निघाला आणि राहूला खायला धावला. राहू शरण आला, शंकराने त्याला सोडले. मग त्या जिवाने विचारले, की माझी भूक तर तुम्हीच निर्माण केली, आता मी काय खाऊ? शंकर म्हणाला, स्वतःलाच खा. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि खात खात फक्त तोंड शिल्लक राहिले. शंकर प्रसन्न झाला आणि त्याने त्याला दारात कायमची जागा दिली. यादवकाळातल्या जुन्या शिवमंदिरांच्या उंबरठ्यावर जो डोळे वटारलेला चेहरा असतो तो हाच. तिठा यांचा पत्त्याचा मुद्दा इथेही लागू पडतो: जागा उंबरठा, आणि नियम असा की उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडून आत जायचे. ही गोष्ट मी पाच-सहा वर्षांच्या मुलांना मंदिरातच सांगितलेली आहे. स्वतःला खाण्याच्या जागी ती किंचाळत नाहीत, आनंदाने खिदळतात, आणि नंतर प्रत्येक दारात ते तोंड शोधत फिरतात.

कोरांटी :

भुतांच्या नावांची आणि वर्तनाची जी माहिती आज पुस्तकांत सापडते, तिचा मोठा भाग कसा गोळा झाला हे इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण ती हकिगत स्वतःच विलक्षण आहे.

नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता आणि त्याला लोकाचारांची माहिती जमवण्याचा नाद होता. मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून त्याने उत्तरे मागवली: तुमच्या गावात कोणती भुते मानतात, विहिरींना कोणते देव आहेत, दृष्ट कशी काढतात. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेला असताना अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. हा इतिहास आपण शाळेत शिकतो. त्याच्या मागे राहिलेल्या त्या कागदांचे काय झाले, हे मात्र कोणी शिकवत नाही. आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ते संपादित केले; गुजरातचा भाग १९१४ मध्ये आणि कोकणाचा १९१५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात तळटीपांमध्ये माहिती देणाऱ्याचे नाव बहुधा नसते, 'अमुक गावचा शाळामास्तर' एवढेच असते.

म्हणजे ज्या मास्तरांनी वर्गात मुलांना भूगोल आणि अंकगणित शिकवले, त्यांनीच वेताळ, समंध, मुंजा, देवचार, गिऱ्हा, झोटिंग, खवीस, जखीण, हडळ, लावसट यांची माहिती सुवाच्य अक्षरात लिहून सरकारकडे पाठवली. ती माहिती इंग्रजीत गेली, साहेबाच्या कपाटात बसली आणि त्याच मास्तरांच्या हातातल्या मराठी क्रमिक पुस्तकांत आली नाही. तिठा यांच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी इथे आहे, असे मला वाटते. शिकलेल्या मराठी माणसाने ही सामग्री अंधश्रद्धा म्हणून बाजूला ठेवली किंवा संशोधनाचा विषय म्हणून वर ठेवली. मुलांच्या हाताला लागेल अशा मधल्या फळीवर ती कोणी ठेवलीच नाही.

पानवेल :

इतका वेळ वाचत होते; आता थोडा कडू मुद्दा मांडणे भाग आहे.

कोरांटी यांनी दिलेली नावे पुन्हा पाहावीत. त्या नोंदींत बहुतेक भुतांची जात लिहिलेली आहे. मुंजा आणि समंध हे ब्राह्मणाचे, झोटिंग खारवी-कोळी यांच्यापैकी, खवीस मुसलमानाचा किंवा हबशाचा, चेडा गावकुसाबाहेरच्या तरुणाचा. जिवंतपणीची उतरंड मेल्यावरही तशीच राहिली आणि कोणाचे भूत सौम्य, कोणाचे क्रूर, हेही त्याच उतरंडीने ठरले. स्त्रियांचे तर विचारूच नये. बाळंतपणात मेलेली बाई हडळ किंवा अळवंतीण, विधवा मेली तर लावसट. औषधपाण्याअभावी जी बाई मेली तिच्याबद्दल दुःख वाटण्याऐवजी गावाने तिचे पाय उलटे केले आणि तिला चिंचेवर बसवले. ही 'परंपरा' मी माझ्या मुलीच्या हाती कोणत्या तोंडाने द्यावी?

शिवाय हा विषय केवळ गोष्टींपुरता नाही. नंदुरबारच्या डोंगराळ भागात आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ झाल्याच्या बातम्या येतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भुताने झपाटल्याचे सांगून मारहाण करणे, एखाद्यावर भूत असल्याचा आरोप करून त्याला जगणे नकोसे करणे हे त्या कायद्यात गुन्हे आहेत. अशा राज्यात मुलांना हडळीच्या गोष्टी सांगताना, ज्यांना ड्रॅगनची गोष्ट सांगायची आहे त्यांच्यापेक्षा आपल्यावर अधिक जबाबदारी येते, कारण ड्रॅगन असल्याच्या संशयावरून आपल्याकडे कोणाला गावाबाहेर काढलेले नाही.

तिठा :

पानवेल, आपला आक्षेप पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच मी हडळीला या यादीत घ्यायला कचरत होतो. तरीही मला दोन गोष्टींत फरक करावासा वाटतो. आसरा, देवचार, गिऱ्हा, चकवा यांच्या गोष्टींत भीती जागेची असते. हडळ, डाकीण, चेडा यांच्या गोष्टींत भीती माणसाची असते. पहिल्या प्रकारच्या गोष्टीने मूल विहिरीपाशी जपून वागते. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीने ते शेजारच्या बाईकडे संशयाने पाहू लागते. मुलांसाठी लिहिताना पहिला प्रकार घ्यावा आणि दुसरा मोठ्यांच्या अभ्यासासाठी ठेवावा, असे मला वाटते.

पानवेल :

हा फरक उपयोगी आहे, परंतु हडळीला गाळून टाकणे हा मला उपाय वाटत नाही. तिची गोष्ट तिच्या बाजूने सांगितली गेली तर मी ती आनंदाने वाचेन.

सांजवात :

वेताळाबद्दल खाडीकाठ यांनी लिहिलेच आहे. मी त्याच्या दुसऱ्या, म्हणजे 'चांदोबा'तल्या अवताराबद्दल लिहितो, कारण पत्ता गमावण्याची प्रक्रिया तिथे डोळ्यांनी पाहता येते.

'चांदामामा' मासिक जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाले आणि पुढे त्याची मराठी आवृत्ती 'चांदोबा' या नावाने घरोघर पोचली. खांद्यावर प्रेत घेतलेला, हातात तलवार धरलेला विक्रम आणि मागे कवट्यांनी भरलेले स्मशान हे शंकर या चित्रकाराचे चित्र ज्यांनी लहानपणी पाहिले त्यांच्या डोळ्यांसमोरून ते जाणार नाही. त्या मालिकेत प्रत्येक महिन्याला नवी कथा असे, प्रश्न असे, उत्तर असे आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन बसे. तो विक्रम कुठला राजा, हे मात्र वाचकाने कधी विचारले नाही. विचारलेच तर उज्जैनचा, असे उत्तर मिळाले असते.

आता मूळ पाहू. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त ही वेताळकथांची माळ येते आणि तिथे राजाचे नाव त्रिविक्रमसेन असून तो गोदावरीच्या काठच्या प्रतिष्ठान नगरीचा राजा आहे. म्हणजे पैठणचा. क्षांतिशील नावाचा भिक्षू त्याला रोज एक फळ देतो, त्या फळांत रत्ने निघतात आणि त्या उपकाराच्या बदल्यात राजाला स्मशानातल्या शिंशपा वृक्षावरून प्रेत आणायला जावे लागते. आपल्याच मराठवाड्यातल्या गावची गोष्ट काश्मीरमार्गे, संस्कृतमार्गे आणि मद्रासच्या छापखान्यामार्गे आपल्याकडे आली, आणि येताना गावाचे नाव वाटेत गळून पडले.

याच ग्रंथाच्या आरंभी गुणाढ्याची कथा आहे, तीही प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारातली. पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या, विंध्याच्या रानात पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली, तेव्हा तो अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. ऐकणारे प्राणी चरायचे विसरले आणि वाळले. राजाला हे कळेपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. आपल्या कथापरंपरेने स्वतःच्या उगमाची जी गोष्ट सांगितली आहे तिच्यात कथा सांगणारे पिशाच आहेत आणि ऐकणारे हरिण-डुक्कर आहेत, हे लक्षात घेतले तर 'लहान मुलांना भुतांच्या गोष्टी का सांगता' या प्रश्नाकडे थोडे निराळ्या नजरेने पाहता येईल. पैठणच्या शाळेतल्या मुलांना या दोन गोष्टी आपल्या गावच्या म्हणून माहीत असाव्यात, एवढी माझी अपेक्षा आहे.

सातासमुद्र :

तिठा यांनी राक्षसाला बिनपत्त्याचा म्हटले आहे, त्याला माझा विरोध आहे. निदान जुन्या राक्षसाच्या बाबतीत तरी ते खरे नाही.

१८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना त्यांची मुलगी मेरी हिने सोबतच्या आयेकडून गोष्टी ऐकून लिहून घेतल्या. आयेचे नाव ॲना लिबराटा डिसूझा. तिचे घराणे मूळचे लिंगायत, आजोबांच्या काळात गोव्यात येऊन ख्रिस्ती झालेले. या गोष्टी १८६८ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाल्या. त्यातली पहिलीच कथा ज्याचा प्राण पोपटात आहे अशा जादूगाराची आहे, आणि तो प्राण कुठे आहे ते किती नेमके सांगितले आहे पाहा: दूरच्या उजाड रानात ताडांचे रिंगण, रिंगणाच्या मधोमध एकावर एक ठेवलेल्या पाण्याच्या सहा घागरी, सहाव्या घागरीखाली लहानसा पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट. दुसऱ्या एका कथेत राक्षस रात्री सूर्याबाईच्या दारावर धडका देतो, दार उघडत नाही, पण त्याचे नख फटीत मोडून राहते आणि सकाळी तेच विषारी नख तिच्या हातात रुतते. ज्याने असे दार, अशी फट आणि अशी कडी पाहिली आहे त्यानेच ही कल्पना केली असणार.

मी परदेशात राहते आणि माझ्या मुलांनी पिंपळाचा पार पाहिलेला नाही, त्यामुळे मुंजा त्यांना सांगून कळत नाही हे मान्य आहे. सहा घागरींखालचा पोपट त्यांना पहिल्याच वेळी कळला. गोष्ट सांगणाऱ्याने जागा नीट उभी केली, तर ऐकणाऱ्याने ती पाहिलेली असलीच पाहिजे, असे नाही. हा दोष मला जिवांपेक्षा आपल्या पुनर्लेखकांचा वाटतो, कारण त्यांनी सगळी वर्णने कापून 'एक राक्षस होता, तो फार दुष्ट होता' एवढेच मागे ठेवले.

मोजपट्टी :

चकव्याचे नाव तिठा यांनी घेतले आणि कोणीच त्याच्याबद्दल लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. रानात किंवा माळावर रात्री माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो; त्याला चकवा लागला असे म्हणतात. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग उपग्रहाच्या साहाय्याने नोंदवला. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत माणसे बरीचशी सरळ चालली. ढग आले किंवा चंद्र मावळला की ती नकळत वर्तुळात फिरू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. आपल्याकडचा उपाय सर्वांना ठाऊक आहे: चकवा लागला की चालणे थांबवावे, आहे तिथे बसावे आणि उजाडण्याची वाट पाहावी. मी भूत मानत नाही, परंतु यापेक्षा चांगला सल्ला मलाही देता येणार नाही. मुलांना आधी चकव्याची गोष्ट सांगावी आणि मग मोकळ्या मैदानात डोळे बांधून त्यांना सरळ चालायला लावावे. दोन्ही गोष्टी सारख्याच आवडतात.

खाडीकाठ :

सातासमुद्र, तुमच्या मुलांसाठी मुंजा जमेल असे मला वाटते. त्याची एक मांडणी इथे देते. आमच्या घरी मुलांना अशीच सांगितली जाते.

मुंजा हा लहान मुलगा आहे. त्याची मुंज झाली, डोक्याचा गोटा झाला, शेंडी राहिली, कमरेला मुंज गवताचे दोर बांधले, हातात दंड आला. सोडमुंज, म्हणजे मुंजीची व्रते सोडण्याचा विधी, व्हायची होती, ती होण्याआधीच तो गेला. त्यामुळे तो अर्ध्यातच अडकला: धड घरातला राहिला नाही, धड कुठे जाताही येईना. तो गावातल्या सगळ्यांत मोठ्या पिंपळावर जाऊन बसला, कारण पिंपळाची पाने वारा नसतानाही हलतात आणि त्याला तेवढाच विरंगुळा. रात्री त्याला कंटाळा येतो आणि तो घरांच्या कौलांवर खडे मारतो. कोणाला लागावे म्हणून मारत नाही, कोणीतरी खेळायला बाहेर यावे म्हणून मारतो. मोठी माणसे बाहेर येतात आणि ओरडतात. मुले झोपलेली असतात.

यावर गावाने काय केले, तर पिंपळाचीच मुंज लावली. ही कल्पना आमची नाही. पिंपळाची मुंज करण्याचा विधी खरोखरच होता, आणि रीतसर मंत्र म्हणून झाडाला जानवे घालीत. मुंजाला वाटले, आपल्या जोडीला आणखी एक मुंजा आला. त्या रात्रीपासून खडे थांबले.

हा शेवट आमच्या घरातला आहे, इतरत्र निराळा असेल. मुंजाच्या पत्त्याबद्दल म्हणाल तर तो टपालखात्यालाही माहीत आहे: पुण्याच्या जुन्या पेठांत मुंजाबाचा बोळ आहे आणि तिथे पत्रे व्यवस्थित पोचतात. सोडमुंज म्हणजे काय, हे मात्र परदेशातल्या मुलांना आधी समजावून सांगावे लागेल, नाहीतर तो का अडकला हे कळणार नाही.

आसरांची कथा कोणाकडे पूर्ण असल्यास इथे लिहावी. माझ्याकडे सात दगड, हिरवा खण, दहीभात आणि भर दुपारची वेळ एवढेच आहे. त्या सात जणी तिथे कशा आल्या, तो भाग आमच्याकडे कोणी सांगत नसे.